मुलाचे नाव ‘इसहाक’ ठेवताय? उच्चार, अर्थ आणि दाखल्यावरचे लेखन

जून महिन्यात नवे हजेरीपत्रक हातात आले की त्यात एखादा तरी ‘इशाक’ सापडतोच. आम्ही त्याला जवळ बोलावून विचारतो, "बेटा, घरी काय म्हणतात तुला?" तो सांगतो, "अम्मी इसाक म्हणते, मदरशात हाफिजसाहेब इस-हाक म्हणतात." मूल एकच, नावे तीन. त्यातले हाफिजसाहेबांचे बरोबर आहे.

‘इशाक’ हा उच्चार आपल्याकडे आला कुठून? बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगमधून. आय, एस, एच, ए, क्यू असे लिहिले की वाचणारा एस आणि एच जोडून ‘श’ वाचतो. खरे तर तिथे दोन वेगळी अक्षरे आहेत, स आणि ह. उर्दूत ती स्पष्ट दिसतात: अलिफ, सीन, बडी हे, अलिफ, काफ. (काही जण मधला अलिफ न लिहिता खडा जबर देतात. तेही चालते.) म्हणजे नावाचे दोन तुकडे पडतात, ‘इस’ आणि ‘हाक’. दुसरा तुकडा आपण कुणाला हाक मारतो त्या ‘हाक’सारखाच म्हणायचा. मुलांना हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

अरबीत अचूक म्हणायचे तर यातला ‘ह’ मराठी ‘ह’पेक्षा खोल आहे. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंडाने वाफ सोडतो, तसा तो घशातून येतो. शेवटचा ‘क’ पडजिभेजवळून. रोजच्या बोलण्यात साधा ह आणि साधा क आला तरी नाव बिघडत नाही. ‘श’ आला की मात्र बिघडते.

मूळ नाव हिब्रू आहे. ते चार अक्षरांत लिहितात आणि उच्चार साधारण ‘यित्सहाक’ असा होतो, जोर शेवटच्या ‘हाक’वर. आजच्या इस्रायलमध्ये बरेच लोक तो ‘ह’ जवळजवळ ‘ख’सारखा काढतात. अर्थ आहे ‘तो हसतो’ किंवा ‘तो हसेल’. हजरत इब्राहीम (अलै.) आणि बीबी सारा यांना उतारवयात मुलाची खुशखबर मिळाली, तेव्हाच्या हसण्याशी हे नाव जोडलेले आहे. तौरातच्या कथेत दोघांच्याही हसण्याचा उल्लेख येतो. कुरआनातही सूरह हूदमध्ये इब्राहीम (अलै.) यांच्या पत्नी हसल्याचे आणि त्यांना इसहाक व त्यानंतर याकूब यांची खुशखबर दिल्याचे सांगितले आहे. घरात बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला असेल तर याहून शोभणारे नाव आम्हाला तरी सुचत नाही.

एका पालकांनी आमच्याशी वाद घातला होता. म्हणाले, हिब्रूत ‘श’ असतो, मग ‘इशाक’च मूळ नाव असणार. त्यांचे निरीक्षण अर्धे खरे आहे. हिब्रूचा श अरबीत पुष्कळदा स होतो: शालोमचे सलाम, मोशेचे मूसा, श्लोमोचे सुलेमान, यिश्माएलचे इस्माईल. पण यित्सहाकमध्ये श नाहीच, ‘त्स’ आहे. त्यामुळे ‘इशाक’ हिब्रूही नाही आणि अरबीही नाही. इंग्रजीत हेच नाव आयझॅक झाले. विज्ञानाच्या पुस्तकातला आयझॅक न्यूटन आपल्या वर्गातल्या इसहाकचा नामसाखा आहे हे ऐकून पोरे खूश होतात.

घरातून दोन हरकती हमखास येतात. पहिली, "हे यहुदी नाव कशाला?" हे एका नबींचे नाव आहे, आणि मुसलमान ते सुरुवातीपासून ठेवत आले आहेत. सीरतचे जुने लेखक मुहम्मद इब्ने इसहाक मदिन्याचेच. दुसरी हरकत दादी-नानीकडून येते: "नबींचे नाव मुलाला भारी पडते." याला आधार नाही. खुद्द रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी आपल्या मुलाचे नाव इब्राहीम ठेवले होते. तरीही वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालू नका. अकीक्याच्या आधी निवांत बसून समजावा.

हिब्रू नावे मराठी तोंडाला परकी नाहीत. कोकणातले बेने इस्राईल कितीतरी पिढ्या मराठी बोलत आले, आणि त्यांच्यात शमुएलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी. मुंबईत 1796 मध्ये सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणतात. बोलीत नाव घासले जाणारच. गल्लीतली मुले इसहाकला ‘इसाक’ म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. कागदावर मात्र नाव घासलेले नको.

कागदाचे सांगतो. आमचा एक विद्यार्थी दहावीला आला, तेव्हा जन्मदाखल्यावर इशाक, आधारवर इसाक आणि शाळेच्या रजिस्टरवर इसहाक निघाला. वडिलांनी प्रतिज्ञापत्रासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवली. मुलगा अर्ज घेऊन रडकुंडीला आला होता. हे सगळे नाव ठरवतानाच टळले असते.

म्हणून देवनागरीत ‘इसहाक’ असेच लिहा. मराठी बायबलमध्येही हेच लेखन आहे, तेव्हा लिहिणाऱ्या कारकुनालाही ते नवे वाटू नये. ‘इस्हाक’ चूक नाही, पण स्ह हे जोडाक्षर टाइप करताना हमखास गोंधळ होतो. इंग्रजीत आम्ही आय, एस, ए, एच, ए, क्यू सुचवतो. मधे एक ए जास्त आला तरी कुणी ‘श’ वाचणार नाही. एस आणि एचमध्ये आडवी रेघ देण्याची युक्ती दिसायला चांगली, पण अनेक ऑनलाइन अर्ज ती घेत नाहीत.

याच घराण्यातली यूनुस, याकूब, हारून ही नावे सरळ आहेत. त्यांत फार अडत नाही. यह्याला मात्र देवनागरीत त्रास होतो; ठेवणार असाल तर ‘यहया’ लिहा.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव तेव्हा ठरलेले नसले तरी नोंद होते, आणि नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क टाकता येते. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाईघाईत चुकीचे लिहिण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. दवाखान्यात किंवा नोंदणी कार्यालयात नाव तोंडी सांगू नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेखने ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून द्या, आणि दाखला हातात आल्यावर खिडकीसमोरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचून पाहा.