जुने गोवे : मांडवीकाठची नगरी आणि मराठीचा पहिला मुद्रित ग्रंथ

पणजीहून रायबंदरचा जुना बांध ओलांडून मांडवीच्या काठाकाठाने पूर्वेस गेले, की नऊ-दहा किलोमीटरवर जुने गोवे लागते. हा बांधही साधा नव्हे. काउंट द लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास, खाजणातून तो घातला गेला आणि आजही वाहतूक त्याच्यावरून चालते. मात्र ज्या नगरीकडे जाण्यासाठी तो बांधला, ती नगरी आता नाही. माडांच्या गर्दीत उभी असलेली मोजकी भव्य चर्चे, त्यांच्यामधली हिरवळ आणि प्रवाशांच्या मोटारी एवढेच नजरेस पडते. एकेकाळी येथे दोन लाखांच्या आसपास वस्ती होती असा अंदाज केला जातो. गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच पोर्तुगीजांत रूढ झाली होती.

गोदावरीकाठच्या मंचेरियलहून तेथे जाणाऱ्या मराठी वाचकाने सुरुवात नदीपासून करावी हे बरे. व्हाइसरॉयांची स्वारी पदग्रहणासाठी याच धक्क्यावर उतरे. धक्क्यासमोरची कमान फ्रांसिश्कु द गामा या व्हाइसरॉयने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ उभारविली. ती पुढे ढासळली व १९५४ मध्ये पुन्हा बांधण्यात आली. कमानीतून आत गेल्यावर थोड्याच अंतरावर संत काजेतानच्या चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. आदिलशाही वाड्याचे ते प्रवेशद्वार. पोर्तुगीजांपूर्वी हे शहर एला या नावाने ओळखले जाई आणि विजापूरकरांचे ते महत्त्वाचे बंदर होते. त्याहीपूर्वी कदंबांची राजधानी गोपकपट्टण दक्षिणेस जुवारीच्या काठी होती. ती नदी गाळाने भरत गेली तसा व्यापार मांडवीकडे सरकला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकर्कने हे शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले.

चर्चे पाहण्यात दिवस सहज जातो. १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये उभे राहिलेले से कॅथीड्रल, संत फ्रान्सिस झेवियरचे पार्थिव जेथे ठेवले आहे ते १६०५ चे बॉम जेझूस, आणि टेकडीवरचा संत ऑगस्टीनच्या चर्चचा मोडका मनोरा. शेहेचाळीस मीटर उंचीचा हा जांभ्या दगडाचा मनोरा दुरून पाहिला तरी पुरे. त्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही गेला. १९८६ पासून जुन्या गोव्यातील ही चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांची वर्णने कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळतात. मराठी वाचकाने शोधण्यासारखी वास्तू मात्र निराळी आहे व तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. रस्त्याच्या कडेला तिची केवळ एक कमान उरली आहे. ते सेंट पॉल कॉलेज.

याच कॉलेजात ६ सप्टेंबर १५५६ रोजी भारतातला पहिला छापखाना आला. तो आला तोही वाट चुकून म्हणावे तसा. यंत्र निघाले होते अबिसीनियाकडे. त्याच्यासोबतची धर्मगुरूंची मंडळी गोव्यात थांबली व यंत्र येथेच राहिले. त्याच वर्षी छपाई सुरू झाली. १५६३ मध्ये या शहरात छापलेला गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ युरोपात गाजला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य व मित्र होता, आणि दख्खनी हकीम-वैद्यांकडून जे शिकला ते त्याने मोकळेपणाने नोंदले. त्याच नगरीने पुढे त्याचे काय केले? तो जन्माने ज्यू कुळातला म्हणून १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून काढून जाळली. हे न्यायासन १५६० मध्ये बसले आणि मधली तीन-चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले.

छापखाना व चिता एकाच नगरीत शेजारी नांदत होत्या, ही जुन्या गोव्याची खरी कहाणी होय. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली व त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. देव नद्या ओलांडून गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. शहरासमोरच्या दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर पलीकडे नार्व्याला गेला, व त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला. आजही जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जाता येते. देव हलवता आले, पोथ्यांना ती सोय नव्हती. सापडल्या त्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. काही थोड्या धर्मगुरूंनी अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. रामायण-महाभारतातील कथांची अशी सोळाव्या शतकातील हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. ज्यांनी मूळ पोथ्या नष्ट केल्या त्यांच्याच नकलांमुळे त्या काळच्या गोमंतकीय भाषेचे रूप अभ्यासकांना कळते, हा योगायोग चमत्कारिक खरा.

अशा काळात, १५७९ च्या ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. उरलेली चाळीस वर्षे त्याने मुख्यतः साष्टीत काढली आणि तेथेच १६१९ मध्ये तो वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीचा ज्ञात असलेला पहिला मुद्रित ग्रंथ मानला जातो. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या वाचकांच्या परिचयाच्या आहेतच. त्याहून मोलाचा वाटावा असा एक प्रसंग ग्रंथाच्या आरंभी येतो. एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीस विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का करीत नाही? त्या विचारण्यातूनच हा ग्रंथ निर्माण झाल्याचे स्टीफन्स सांगतो. देव बदलले तरी ओवी ऐकण्याची भूक बदलत नाही, हे त्या परदेशी माणसास उमगले होते.

पण हे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मिळावी असे स्टीफन्सने १६०८ च्या एका पत्रात रोमला कळविले होते. अक्षरांची व जोडाक्षरांची संख्या ही मोठी अडचण होती. ते खिळे गोव्यात कधी पडले नाहीत. देवनागरीत मराठी छापलेली पाहण्यास १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरला केरीच्या व्याकरणात. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, परंतु त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखित नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तेव्हाच तो अभ्यासकांच्या हाती आला. त्याची देवनागरीतील एक पोथी लंडनच्या संग्रहात आढळली, हेही येथे नोंदवावे.

छापील प्रतींचा मागमूस का राहिला नाही, याचा विचार करताना १६८३ सालाकडे यावे लागते. त्या वर्षी काउंट द आल्व्होर या व्हाइसरॉयने फोंड्याच्या मराठी किल्ल्यावर चाल केली व मार खाल्ला. पाठोपाठ नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने राजधानीच्या अगदी जवळचे जुवे बेट रात्रीत घेतले. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा वाचला. शहर हातचे जाणार म्हणून त्याने आपला अधिकारदंड झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला, अशी हकीकत सांगितली जाते. मोगल फौज कोकणात उतरल्याने संभाजी महाराजांना परतावे लागले. आणि पुढच्याच जूनमध्ये, २७ जून १६८४ रोजी, याच आल्व्होरने हुकूम काढला, की प्रजेने देशभाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. तलवारीने भेडसावलेला राज्यकर्ता भाषेवर उठला, असे त्या तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे वाटल्यावाचून राहत नाही. मात्र तो हुकूम फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आग्रहावरून निघाला होता हेही विसरू नये. निजामी अमलात दप्तरची भाषा एक आणि घरची दुसरी असा अनुभव घेतलेल्या आदिलाबादकडील मराठी कुटुंबांना त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. तीन वर्षांत भाषा गेली नाही, हे उघडच आहे. गेले ते छापील ग्रंथ.

शहरही फार टिकले नाही. डचांच्या नाकेबंदीने व्यापार आटला, साथींनी वस्ती उठली. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेले, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. सोडून दिलेल्या वास्तूंचे दगड नव्या बांधकामांना गेले. सेंट पॉल कॉलेज १८३० च्या आसपास पाडण्यात आले. तेवढी दर्शनी कमान कशी राहिली कोण जाणे.

त्याच सुमारास, १८३२ मध्ये, पणजीत सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. पुढे धार्मिक संघांचे मठ बरखास्त झाले तेव्हा त्यांतील पुस्तके त्याच्याकडे आली. पोर्तुगालमधील एव्होराच्या ग्रंथालयाचा प्रमुख राहिलेला कुन्य रिव्हारा हा विद्वान गव्हर्नरचा सचिव म्हणून गोव्यात आला व १८५८ मध्ये त्याने कोकणी भाषेच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात आपल्याच राज्याने देशभाषेवर केलेला अन्याय त्याने कागदपत्रांनिशी मांडला. मराठीत हे काम पुढे नेले ते मूळच्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी. भारतातील मुद्रणावरील व गोव्यातील इन्क्विझिशनवरील त्यांचे ग्रंथ अनुक्रमे १९५८ व १९६१ मध्ये आले. दुसरा ग्रंथ आला त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गोव्यातून गेली.

पणजीचे ते ग्रंथालय आता पाटो भागातील नव्या इमारतीत आहे. गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आज नाव आहे ते कृष्णदास शामा यांचे. केळशीच्या या कवीने १५२६ मध्ये, देवळे पडण्याच्या काही वर्षे आधी, मराठी ओव्यांत कृष्णचरित्र रचावयास घेतले होते.