पहिली लिपी, दुसरी लिपी : इंग्रजीतील मोठ्या अक्षरांच्या नियमांचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी मुळाक्षरे शिकविताना मोठ्या अक्षरांना 'पहिली लिपी' व लहान अक्षरांना 'दुसरी लिपी' म्हणण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षराने करावा. व्यक्ती, गाव, वार व महिना यांची नावे मोठ्या अक्षराने लिहावीत, ऋतूंची मात्र लहान अक्षराने, असे नियम विद्यार्थी पाठ करतो आणि ते इंग्रजी व्याकरणाचाच भाग आहेत असे गृहीत धरतो. परंतु मोठे अक्षर उच्चारात ऐकू येत नाही. हे नियम भाषेच्या रचनेतून आलेले नसून लेखनिक, छापखान्यातील जुळारी आणि संपादक यांच्या हातून निरनिराळ्या काळी घडले आहेत. म्हणूनच एखाद्या शब्दाला मोठे अक्षर द्यावे की नाही, हा वाद प्रसंगी शुद्धलेखनाची मर्यादा ओलांडून प्रतिष्ठेचा झाला. प्रस्तुत लेखात या प्रवासातील दोन टप्प्यांचा विशेष विचार केला आहे.

दोन लिप्यांचे एकत्र येणे

मराठी शाळेतील उपरोक्त नावे ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहेत. मोठी अक्षरे ही रोमन शिलालेखांची लिपी होय. इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावरील लेख हा तिचा प्रसिद्ध नमुना मानला जातो. लहान अक्षरांचे आजचे रूप आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात स्थिरावलेल्या सुवाच्य हस्ताक्षरापर्यंत मागे नेता येते. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वानांनी या हस्ताक्षराचे पुनरुज्जीवन केले आणि त्याच्या जोडीला शिलालेखांतील मोठी अक्षरे घेतली. दोन भिन्न काळांतील लिप्या अशा रीतीने एकाच पानावर नांदू लागल्या. पुढे छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवले जात. 'अपर केस' आणि 'लोअर केस' ही नावे त्या पेट्यांचीच आहेत.

विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छपाई सुरू केली, तेव्हा मोठे अक्षर कोठे वापरावे याविषयी सर्वमान्य नियम नव्हता. आज अनेक लेखक ईश्वरासाठी येणारे सर्वनामही मोठ्या अक्षराने लिहितात व ती परंपरा पुरातन मानतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र ती सर्वनामे लहान अक्षरातच आहेत.

नामांच्या मोठ्या अक्षरांचा उदय आणि अस्त

सतराव्या शतकात महत्त्वाच्या शब्दांना मोठे अक्षर देण्याची प्रथा वाढत गेली आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तर जवळजवळ प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने छापले जाऊ लागले. लेखकाने हस्तलिखितात काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व नव्हते. शब्दाचे वजन ठरविण्याचे काम बहुधा जुळाऱ्याकडेच असे.

अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे या अनिश्चिततेचे बोलके उदाहरण होय. मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन मोठ्या अक्षरांच्या बाबतीत इतका काटकसरी होता, की तो वाक्याचा आरंभही लहान अक्षराने करी. ४ जुलैच्या रात्री जॉन डनलॅप याने छापलेल्या प्रतीत मात्र पहिल्याच वाक्यातील 'घटना', 'लोक' व 'बंध' या अर्थांची नामे मोठ्या अक्षराने आली. त्यानंतर सह्यांसाठी चर्मपत्रावर जी सुवाच्य प्रत तयार झाली, तीत हीच नामे पुन्हा लहान झाली. इतकेच नव्हे तर शीर्षकात 'संयुक्त संस्थाने' यातील 'संयुक्त' हे विशेषणही लहान अक्षराने लिहिले गेले. ते केवळ विशेषण होते की नव्या राष्ट्राच्या नावाचा भाग होता, याचा निर्णय लेखणीने अद्याप केलेला नव्हता असे म्हणावे लागते. एकाच वर्षी, एकाच मजकुराच्या तीन प्रतींत तीन पद्धती आढळतात आणि त्यांपैकी कोणतीही त्या काळी अशुद्ध ठरली नाही.

ही प्रथा मागे पडू लागली तेव्हा तिच्यासाठी हळहळणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन हा अग्रणी होता. तो स्वतः छापखान्यात वाढलेला मुद्रक. २६ डिसेंबर १७८९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, कोशकार नोआ वेबस्टर याला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली, की ओळ सपाट व एकसारखी दिसावी या हौसेपायी मुद्रकांनी नामांची मोठी अक्षरे काढून टाकली आहेत. सर्व माणसांची नाके तासली तर चेहरे गुळगुळीत होतील खरे, पण कोण कोणता हे ओळखणे कठीण होईल, अशा आशयाची उपमा त्याने दिली आहे. वाचकाच्या सोयीचा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तथापि १७९५ मध्ये लिंडली मरे याने आपल्या व्याकरणात नेमका उलटा अभिप्राय नोंदविला : प्रत्येक नामाला मोठे अक्षर देणे त्रासदायक असून त्यामुळे पान गजबजलेले दिसते. मरेचे पुस्तक पुढे असंख्य शाळांत चालले आणि फ्रँकलिनचा पक्ष इंग्रजीपुरता हरला. जर्मन भाषेने नामांचे मोठे अक्षर आजतागायत टिकविले आहे. डॅनिश भाषेने ते १९४८ मध्ये सोडले.

एका अक्षराचा लढा

सामान्यनामे लहान झाल्यावर मोठे अक्षर हे प्रामुख्याने विशेषनामाचे, म्हणजेच स्वतंत्र ओळख असलेल्याचे, चिन्ह बनले आणि त्याचे मोल वाढले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत आयरिश, जर्मन, फ्रेंच हे सारे मोठ्या अक्षराने छापले जात. 'निग्रो' हा तेव्हा प्रचलित असलेला शब्द मात्र लहान अक्षराने. १८७८ मध्ये फर्डिनंड बार्नेट यांनी शिकागो येथील 'कॉन्झर्व्हेटर' या आपल्या पत्रात याच विसंगतीवर बोट ठेवून मोठ्या अक्षराची मागणी केली. १८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया निग्रो' या सामाजिक अभ्यासग्रंथात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी एका तळटीपेत स्पष्ट केले, की ८० लाख अमेरिकन नागरिक एका मोठ्या अक्षराचे हक्कदार आहेत असे आपण मानतो. समाजशास्त्रीय ग्रंथातील ती तळटीप शुद्धलेखनाची दिसते, परंतु तिचा आशय नागरिकत्वाचा आहे.

पुढील तीन दशके त्यांनी संपादकांशी पत्रव्यवहार करून हा आग्रह चालू ठेवला. १९२९ मध्ये 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'साठी त्यांनी लिहिलेल्या लेखात लहान अक्षर वापरले जाईल असे कळविण्यात आले, तेव्हा त्यांनी तो वैयक्तिक अपमान असल्याचे खरमरीत उत्तर धाडले आणि संपादकाला माघार घ्यावी लागली. ७ मार्च १९३० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोठे अक्षर स्वीकारल्याचे जाहीर केले. कालांतराने तो शब्दच त्याज्य ठरला व 'ब्लॅक' हा शब्द पुढे आला, आणि लढा जणू पहिल्यापासून सुरू झाला. १९ जून २०२० रोजी 'असोसिएटेड प्रेस'ने या अर्थी मोठे अक्षर वापरण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये 'व्हाइट' हा शब्द लहानच ठेवण्याचे या संस्थेने ठरविले, तर 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दोन्ही शब्द मोठे केले. संपादकांच्या या मतभेदाचा निवाडा कोणत्याही व्याकरणग्रंथाच्या आधारे करता येण्यासारखा नाही.

मराठीच्या संदर्भात

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. याच शतकात मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून मराठीने इंग्रजीची विरामचिन्हे आत्मसात केली. मोठे अक्षर मात्र घेतले नाही, कारण देवनागरीत असे दोन संच मुळातच नाहीत. राजाचे नाव आणि रस्त्याकडेच्या दगडाचे नाव सारख्याच अक्षरांनी लिहिले जाते. तथापि मराठी मजकूर इंग्रजीत जातो तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि त्या पिढीचे लेखन पुढे इंग्रजी अनुवादांतून जगभर पोहोचले. 'दलित' या शब्दाला विशेषण समजून लहान अक्षर द्यावे, की समाजाने स्वतः स्वीकारलेले नाव म्हणून मोठे, याविषयी इंग्रजी लेखनात दोन्ही प्रकार आढळतात. मूळ मराठी संहितेतील अक्षरे याबाबत कोणताच संकेत देत नाहीत. ती निवड अनुवादकाला पहिल्याच ओळीत, स्वतःच्या जबाबदारीवर करावी लागते.