काकडी आत, मधमाशी बाहेर

ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत अशा सगळ्यांसाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे हरितगृहातली भाजी, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून.

२०२० चं लॉकडाऊन. लॅपटॉप घेऊन मी मामाच्या गावी, तासगाव तालुक्यात. मामाने जुनी द्राक्षबाग काढली होती, पण मांडवाचे खांब आणि तारा तशाच उभ्या होत्या. मी व्हिडिओ बघून तयारच होतो. म्हटलं, मामा, यावर ४० मेशची इन्सेक्ट नेट टाकू, दोन गुंठ्यांत काकडी लावू. कीड आत येणारच नाही! वेल मस्त चढले. पिवळी फुलं लागली. फुलांमागे बोटाच्या पेराएवढ्या काकड्या दिसल्या, आणि चार दिवसांत पिवळ्या पडून गळाल्या. सगळ्या. मी पानांचे फोटो काढून गुगल करतोय, खत कमी पडलं की पाणी जास्त झालं. मामी आत आली, एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण आत माशी कुठनं यायची?"

बीटेक झालेल्या माणसाला हे सुचू नये! कीड बाहेर ठेवण्याच्या नादात मी मधमाशीही बाहेर ठेवली होती. तेव्हापासून हरितगृहाचा इतिहास वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: यांनी आत काय अडवलं, आणि बाहेर काय राहिलं?

सगळ्यात जुना किस्सा रोमचा. सम्राट टायबेरियस, इसवी सन १४ ते ३७ या काळातला. थोरला प्लिनी लिहितो की या राजाला रोज काकडी लागायची, अगदी रोज. मग माळ्यांनी वाफे चाकांवर बसवले. ऊन असलं की वाफा ढकलत बाहेर, थंडी पडली की परत आत, पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांच्या तावदानाखाली. ही बहुधा आजची काकडी नव्हतीच. अभ्यासकांच्या मते ते खरबुजाच्या जातीचं लांबट फळ, म्हणजे आपल्या वाळकाचं नात्यातलं. प्लिनीने माशांबद्दल काही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज सांगतो: वाफा उन्हात यायचा तेव्हा माशांनाही फूल सापडत असणार. चाकांनी माझ्यापेक्षा चांगलं काम केलं.

पुढची बरीच शतकं युरोपात काच, श्रीमंतांच्या बागा आणि संत्र्या-अननसांचे लाड. ते सोडून देऊ. आपल्या कामाचं वर्ष १९४८. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक एमरी मायर्स एमर्ट यांनी लाकडी सांगाड्यावर काचेऐवजी प्लॅस्टिकची फिल्म ताणली, कारण काच महाग. पुढे पॉलिथिन आलं, आणि आज आपण ज्याला पॉलिहाऊस म्हणतो त्याचं मूळ हे.

तिथून प्लॅस्टिक पोचलं स्पेनच्या अल्मेरियात, आणि ही गोष्ट ऐकून मामा उठून बसला. हा कोरडा, वाऱ्याचा किनारा. इथे द्राक्षं मांडवावर घेत, खांब आणि तारा, अगदी आपल्यासारखी. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच मांडवावर, दोन जाळ्यांच्या मध्ये, प्लॅस्टिक धरून भाजी लावली गेली. नवा सांगाडा शोधला नाही, होता तोच वापरला. आज तिथे सुमारे ३०,००० हेक्टर प्लॅस्टिकखाली आहे, उपग्रहाच्या फोटोत पांढरा डाग दिसतो. हिवाळ्यात युरोपच्या ताटातली बरीचशी ढोबळी मिरची, काकडी इथली. जमिनीखालचं पाणी उपसून आणि मुख्यतः बाहेरून आलेल्या मजुरांच्या घामावर, हेही सांगितलं पाहिजे. आणि उन्हाळ्यात तेच शेतकरी प्लॅस्टिकवर चुना मारतात. थंडीत ऊब धरणारं छप्पर मे-जूनमध्ये भट्टी होतं ना!

इथेच आपली गोची आहे. हरितगृह जन्माला आलं ऊब आत कोंडायला. आपल्याकडे थंडी किती? आपल्याला अडवायचंय कडक ऊन, वळीव, गारपीट, पांढरी माशी. २००५ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं, अनुदान मिळू लागलं, गावोगाव पॉलिहाऊस उभी राहिली. पण पारा पस्तिशीच्या वर गेला की ढोबळीची फुलं गळतात, मग छत कितीही महागाचं असो. म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी हवा कुठून खेळणार ते विचारावं, प्लॅस्टिक किती मायक्रॉनचं ते नंतर.

आणि माशीचं काय? टोमॅटोचं फूल हललं तरच पराग नीट सुटतो. काचघरात वारा नाही, म्हणून युरोपात मजूर विजेच्या कंपनयंत्राने एकेक घोस हलवत फिरायचे. बेल्जियमचे रोलँड द योंगे हे पेशाने पशुवैद्य, छंद बम्बलबी पाळण्याचा. ही केसाळ, जाडजूड माशी फुलाला लटकून थरथरते. त्यांच्या लक्षात आलं की मजुराचं काम ही फुकट करते. १९८७ मध्ये त्यांनी या माश्यांची पेटी विकणारी कंपनीच काढली. दोन हजार वर्षांच्या झाकाझाकीनंतर माशीला पुन्हा आत बोलवावं लागलं.

आमच्या दोन गुंठ्यांत आम्ही हातानेच भागवलं. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलात फिरवायचं. मामी माझ्या तिप्पट वेगाने. पुढच्या हंगामात परागाशिवाय फळ धरणारं वाण आणलं. त्याचं बी वजनावर नाही, नगावर मिळतं, एवढं महाग. आणि नेट फाटून त्यात माशी शिरली तर फळ वेडंवाकडं होतं, म्हणजे आता तीच माशी नको!

मामाकडे वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचं कोटेशन आलंय, कर्जासकट. मागच्या आठवड्यात फोनवर विचारत होता, काय करू? मी म्हटलं, एप्रिलमध्ये दुपारी दोनला नेटखाली थर्मामीटर टांग, आकडा कळव. रोज व्हॉट्सअॅपवर फोटो येतोय. काल ४१ होता. कोटेशन अजून कपाटातच आहे.