संगणक, घरगुती : वीजपुरवठ्यातील दोषांपासून संरक्षण (सोलापूर)

घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची असते. प्रत्यक्षात दाब चढतो, उतरतो, क्षणभर जातोही. संगणकातील एसएमपीएस (त्याला वीज पुरवणारा भाग) साधारण १५-२० मिलिसेकंदांचा खंड पचवतो. त्याहून मोठा खंड पडला की यंत्र बंद. सोलापूरचे नाव वीजक्षेत्रात मोठे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीमुळे दक्षिणेचे ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडले गेले. पण घरातला दाब ठरतो तो गल्लीतल्या रोहित्रावर आणि तारांवर.

सर्वांत घातक दोष न्यूट्रल तुटण्याचा. तेव्हा एकेका घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. वळवाच्या विजांनी येणारे क्षणिक लोट सर्ज प्रोटेक्टर शोषतो, मात्र अर्थिंग नीट हवे. ते नसेल तर महागडी सर्ज प्रोटेक्टर पट्टीही फारशी कामाची नाही. टिकून राहिलेल्या जादा दाबापुढे ती हतबल ठरते. गडगडाट सुरू होताच प्लग काढणे सर्वांत खात्रीचे.

डेस्कटॉपला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस पुरतो. तो काम जतन करण्यापुरती मिनिटे देतो. सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरी लवकर थकते; सरासरी तापमान दर १० अंशांनी वाढल्यास तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा तर मागचे बटण ‘यूपीएस’वर हवे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते.