वाळूवरचे प्रार्थनामंदिर : कुरासाव बेटाची सफर आणि तिच्यामागचा इतिहास

सुट्टी लागली की आपली तरुण मंडळी आता थेट कॅरिबियन समुद्रातील बेटांपर्यंत जाऊ लागली आहेत. परत आल्यावर ती निळ्या पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची छायाचित्रे दाखवितात, आणि आपण वडीलधारी माणसे ती कौतुकाने पाहतो. अशा प्रवाशांपैकी कोणाची बोट कुरासाव बेटाला लागणार असेल, तर त्याने समुद्रस्नानातून एक दिवस बाजूला काढावा, एवढीच या लेखाची विनंती आहे. त्या बेटावर पाहण्यासारखे जे जे आहे, त्यातील बऱ्याच गोष्टींना आपल्या यहुदी बांधवांचा हात लागलेला आहे. आणि एका लहानशा समाजाने काय जपले व काय गमावले, याचा हिशेब तेथे सर्वांना पाहता येतो.

कुरासाव हे बेट दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. त्याचे क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सच्या राजसत्तेखालील एक स्वायत्त राष्ट्र आहे. बेट म्हटले की कोकणात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या बागा उभ्या राहतात. पण येथे तसे काही नाही. जमीन कोरडी, पाऊस तुटपुंजा, जिकडेतिकडे उंच निवडुंग, आणि बारमाही वाऱ्याने एकाच दिशेला वाकविलेली दिवी-दिवीची झाडे. या कोरडेपणाचा त्या बेटाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

राजधानी विलेमस्टाड. तेथील सिंट आन्ना खाडीने शहराचे दोन भाग केले आहेत : अलीकडचा पुंडा आणि पलीकडचा ओत्रोबांदा. दोहोंना जोडणारा राणी एम्मा पूल १८८८ साली बांधला गेला. हा पूल खांबांवर उभा नसून पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांवर उभा आहे. मोठी बोट आली की पूल दरवाजासारखा बाजूला सरकतो, आणि तो पुन्हा जागेवर येईपर्यंत लोक होडीने पलीकडे जातात. मुलांना ही मौज फार आवडते. पुलावरून काठावरची रंगीबेरंगी डच घरे दिसतात. एका गव्हर्नराला पांढऱ्या भिंतींवरील उन्हाच्या तिरपीने डोकेदुखी जडली, म्हणून त्याने घरे रंगविण्याचा हुकूम काढला, अशी कथा सांगतात; आणि रंगाच्या धंद्यात त्याचाच पैसा होता, अशी पुस्तीही जोडतात. शहराचा हा जुना भाग १९९७ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला.

पुंडाच्या अरुंद गल्ल्यांतून चालत गेले की एका गल्लीचे नाव लागते, हान्ची स्नोआ, म्हणजे प्रार्थनामंदिराची गल्ली. स्नोआ हा शब्द सिनेगॉगच्या जुन्या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश आहे. हे लोक येथे कोठून आले, ते मंदिरात शिरण्यापूर्वी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

स्पेनमधून १४९२ साली यहुदी लोकांना घालवून देण्यात आले, आणि १४९७ साली पोर्तुगालमध्ये त्यांचे बळजबरीने धर्मांतर झाले. धर्मांतरितांपैकी अनेकांनी घराच्या आत जुना धर्म चोरून पाळला. त्यांच्यामागे धर्मन्यायालयाचा ससेमिरा लागला. हे धर्मन्यायालय आपल्या कोकणापासूनही दूर नव्हते. १५६० साली ते गोव्यात स्थापन झाले, आणि गार्सिया द ओर्ता या विद्वान वैद्याची हाडे, तो मरून बारा वर्षे झाल्यावर, १५८० साली गोव्यात उकरून जाळण्यात आली. त्याचा अपराध एवढाच, की तो गुप्तपणे यहुदी राहिला होता. ज्यांना निसटता आले ते ॲम्स्टरडॅमला पोहोचले आणि तेथे पुन्हा उघडपणे आपल्या धर्मात आले. डचांनी ब्राझीलमधील रेसिफे घेतले, तेव्हा त्यांच्यातील काही तिकडे गेले. पण १६५४ साली पोर्तुगिजांनी ते शहर परत जिंकले आणि या लोकांना पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागले.

कुरासाव बेट डचांनी स्पॅनिश लोकांकडून १६३४ साली जिंकून घेतले. त्या मोहिमेत सॅम्युएल कोहेन नावाचा एक यहुदी दुभाषा होता. पुढे १६५१ साली मूठभर कुटुंबे ॲम्स्टरडॅमहून येऊन राहिली आणि 'मिक्वे इस्राएल', म्हणजे 'इस्राएलची आशा', या नावाची जमात स्थापन झाली. १६५९ साली इझाक दा कोस्टा याच्या पुढारीपणाखाली आणखी सुमारे सत्तर माणसे आली व त्यांनी आपल्यासोबत सेफेर तोरा आणला. डच कंपनीने त्यांना शेतीसाठी जमीन दिली होती. परंतु त्या कोरड्या मातीत शेती कोठून पिकणार? अखेर ते बंदराकडे वळले, व्यापारी झाले, दलाल झाले, बोटींचे मालक झाले. आपल्या पूर्वजांनी कोकणात घाणा चालविला आणि शनिवारी तो बंद ठेवून 'शनिवार तेली' हे नाव मिळविले. या लोकांनी गलबते चालविली. पोटाचे साधन निराळे, पण परक्या भूमीत आपला शब्बाथ सांभाळण्याची धडपड एकच.

आजचे मंदिर १७३२ साली पेसाहच्या पूर्वसंध्येला समर्पित झाले. म्हणजे मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी आपली पहिली मशीद १७९६ साली उभारली, त्याच्या चौसष्ट वर्षे आधी. अमेरिका खंडांत अखंड वापरात असलेले हे सर्वांत जुने प्रार्थनामंदिर होय. बाहेरून पिवळ्या रंगाची ही इमारत आत शिरताच गंभीर वाटते. महोगनी लाकडाचा हेखाल, मधोमध तेबा, वर ॲम्स्टरडॅमच्या धर्तीची पितळी झुंबरे, आणि चार थोर खांब, ज्यांना सारा, रिबका, राहेल आणि लेआ या चार मातांची नावे दिली आहेत. मध्यभागी तेबा असलेले मंदिर पाहून आपल्या माणसाला अलिबागची किंवा पनवेलची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

पण प्रवाशाला सर्वांत नवल वाटते ते पायाखालच्या जमिनीचे. सबंध मंदिरात फरशीवर वाळू पसरलेली आहे. पाऊल टाकले की आवाज होत नाही. ही वाळू कशासाठी, याची तीन उत्तरे तेथे मिळतात. पहिले असे, की मिसरमधून निघाल्यावर आपल्या पूर्वजांनी चाळीस वर्षे वाळवंटात काढली, त्याची ही आठवण. दुसरे असे, की अब्राहामाची संतती समुद्रतीरावरील वाळूइतकी होईल, या अभिवचनाची ही खूण. तिसरे उत्तर ऐकून मात्र मन चरकते. पोर्तुगालमध्ये तळघरात लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज शेजाऱ्याच्या कानी जाऊ नये, म्हणून जमिनीवर वाळू पसरीत. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही, कोणाचे भय उरले नसतानाही, त्यांनी ती वाळू काढली नाही. भयाची खूण त्यांनी स्मरणाची खूण केली.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांनी येरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात जावे. सुरिनाममधील पारामारिबो येथील 'त्सेदेक वे-शालोम' या मंदिराचा अंतर्भाग तेथे वाळूच्या जमिनीसह मांडला आहे, आणि त्याच दालनांत आपल्या हिंदुस्थानातील कोची येथील कडवुंभागम मंदिराचे कोरीव लाकूडकामही आहे. कॅरिबियन किनाऱ्याची वाळू आणि मलबारचे लाकूड एका छपराखाली आलेले पाहण्याचा हा योग घरबसल्याच म्हणावा लागेल.

मंदिराच्या आवारात १९७० साली उघडलेले संग्रहालय आहे. ते पाहून खाडीपलीकडच्या स्खार्लो भागात फेरी मारावी. यहुदी व्यापाऱ्यांचे जुने वाडे तेथे आहेत. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार १८१२ साली पराभूत होऊन या बेटावर आला, तेव्हा मोर्देखाय रिकार्दो या यहुदी गृहस्थाने त्याला आश्रय दिला होता. बेटाची प्रसिद्ध संत्र्यांची मदिरा आपल्याला माहीत असेल. स्पॅनिश लोकांनी आणलेली गोड संत्री या जमिनीत कडू झाली, फळ खाण्याजोगे राहिले नाही, पण सालीला सुगंध राहिला. त्या सालीपासून मदिरा काढण्याचा व्यवसाय सीनियर आणि चुमासेरो या यहुदी घराण्यांच्या मंडळींनी १८९६ साली सुरू केला.

बाजारात कानावर पडते ती पापियामेंतु भाषा. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी बोलींच्या मिश्रणातून ती घडली. त्या भाषेतील सर्वांत जुने उपलब्ध लेखन म्हणजे १७७५ साली एका यहुदी गृहस्थाने लिहिलेले प्रेमपत्र! कोकणात आपण मराठी उचलली, तिच्यात कीर्तने रचली, तिच्यात मुलांना अंगाई गाइली. तशीच त्यांनी ही बेटाची बोली आपलीशी केली. २००७ साली ती राजभाषा झाली, आणि शाळेत, वर्तमानपत्रात, संसदेत आज ती नांदते.

आता एक कटू गोष्ट. पश्चिमेकडे केनेपा नावाचा अतिशय रमणीय समुद्रकिनारा आहे, आणि पोहण्यासाठी बहुतेक प्रवासी तेथेच जातात. त्या किनाऱ्याजवळच्या मळ्यावर १७ ऑगस्ट १७९५ रोजी तुला नावाच्या गुलामाने आपल्या सोबत्यांसह काम करण्यास नकार दिला. मिसरदेशातील दास्यातून मुक्तीची कथा आपण दरवर्षी सेदेरच्या मेजावर सांगतो. येथे ती पुन्हा घडू पाहत होती. पण समुद्र दुभंगला नाही. बंड चिरडले गेले, ३ ऑक्टोबर रोजी तुलाला हालहाल करून मारण्यात आले, आणि बेटावरील गुलामगिरी १ जुलै १८६३ पर्यंत चालू राहिली. या बेटाची भरभराट गुलामांच्या बाजारावरही झाली होती, आणि गुलामांच्या मालकांत व व्यापाऱ्यांत ख्रिस्ती होते तसे यहुदीही होते. हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु इतिहास सांगायचा तर तो अर्धा सांगता येत नाही. जे स्वतः छळातून सुटून आले तेही दुसऱ्याचे दास्य चालवू शकले, हे आपल्या मुलांना कळलेच पाहिजे. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ साली तुलावरील कलंक अधिकृतपणे पुसून टाकला.

जमातीतही सर्व काळ एकोपा राहिला असे नाही. १८६४ च्या सुमारास सुधारणावादी मंडळी फुटून निघाली आणि त्यांनी 'एमानुएल' हे वेगळे मंदिर बांधले. शंभर वर्षे दोन चुली राहिल्या. १९६४ साली, संख्या घटत चालल्यावर, दोन्ही जमाती पुन्हा एक झाल्या. मुंबईतील जुनी मशीद आणि नवी मशीद ज्यांना आठवते, त्यांना यावर अधिक सांगणे नको. एके काळी न्यूयॉर्क आणि न्यूपोर्टच्या मंदिरांना मदत पाठविणाऱ्या या समाजाची संख्या आज अवघी काही शे उरली आहे.

सहलीचा शेवट बेत हाइम या कबरस्तानात करावा. १६५९ सालापासूनचे हे स्थान; सुमारे अडीच हजार थडगी. पोर्तुगीज, हिब्रू आणि स्पॅनिश लेख, बायबलातील प्रसंग, शिडाची जहाजे, आणि अकाली गेलेल्यांसाठी कुऱ्हाडीने तोडले जाणारे झाड, असे त्यांवरचे कोरीव काम एके काळी अप्रतिम होते. एके काळी म्हणण्याचे कारण असे, की विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारी तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच्या आम्लयुक्त धुराने पिढ्यान् पिढ्या ते दगड खाऊन टाकले. २०१९ नंतर कारखान्याचे काम थांबले, पण गेलेली अक्षरे परत येत नाहीत. कित्येक शिळा आज नुसत्या कोऱ्या पाट्यांसारख्या दिसतात.

तरीही ती नावे संपूर्ण नष्ट झाली नाहीत. बेटावरील रब्बी इझाक एमानुएल यांनी उन्हातान्हात फिरून ते लेख वाचले, उतरवून घेतले आणि १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. काही शिळांचे साचे काढून त्यांच्या प्रतिकृती मंदिराच्या आवारात बसविल्या आहेत. दगडावरून पुसले गेलेले नाव आज कागदावर वाचता येते, ते केवळ एका माणसाने वेळीच वही उघडली म्हणून.

आपल्या कोकणातील थडग्यांचे काय? नवगावच्या किनाऱ्यावर, जेथे आपल्या परंपरेप्रमाणे फुटलेल्या जहाजातील पूर्वजांना मूठमाती मिळाली, तेथे स्मारक उभे आहे. पण खेडोपाडीच्या आपल्या कबरस्तानांतील मराठी आणि हिब्रू लेखांवर कारखान्याचा धूर नसला, तरी दरसालचा पाऊस आहे, शेवाळ आहे, आणि वाचणारा कोणी उरलेला नाही हेही आहे. तेव्हा कुरासावला जाणाऱ्याने स्नोआची वाळू पाहून यावी. आणि पुढच्या खेपेला अलिबाग-पेणकडे जाणाऱ्याने सोबत एक वही न्यावी. आजोबांच्या गावच्या थडग्यांवरील नावे, आडनावे आणि साल तिच्यात उतरवून आणावे. अक्षरे अजून लागतात तोवरच हे काम होण्यासारखे आहे.