पाचांतली थाळी

दिवाळीत थाळी म्हटली, की डोळ्यांपुढे येते ती ओवाळणीची. तीत निरांजन असते, सुपारी असते, अक्षता असतात, आणि थाळी धरणाऱ्या बहिणीचे लक्ष भावाच्या खिशाकडे असते. पण आज वाचकांना जिची हकीकत सांगायची आहे, ती थाळी ओवाळायची नव्हे, फेकायची. आणि ती आठवली मात्र त्र्यंबकेश्वरी.

मागे एकदा तिकडे जाण्याचा योग आला होता. कुशावर्तावर हातपाय धुऊन, त्र्यंबकराजाचे दर्शन घेऊन संध्याकाळी गावाबाहेर फिरायला निघालो. ब्रह्मगिरीच्या कड्यावर उन्हे कलली होती. एका मोकळ्या माळावर पाचसहा मुले आणि त्यांचे मास्तर दिसले. चुन्याने एक वर्तुळ आखलेले होते. हरसूलकडचा एक शिडशिडीत पोरगा वर्तुळात शिरला, गर्रकन फिरला, आणि थाळी त्याच्या हातातून सुटली ती काटलेल्या पतंगासारखी गोते खात जवळच पडली.

बांधावर बसलेले एक आजोबा हसले आणि म्हणाले, "अहो मास्तर, ह्या काडीच्या हाती थाळी कशाला देता? ते पैलवानाचे काम. ह्याला आपला पळू द्या की!"

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पोराला थाळी परत आणायला सांगितले, एवढेच. मागाहून कळले, की पोरगा पळतो चांगला, उडीही चांगली मारतो, आणि मास्तर त्याला डेकॅथलॉनसाठी, म्हणजे दोन दिवसांत दहा खेळ खेळण्याच्या कसोटीसाठी, तयार करीत आहेत. त्या दहांत थाळी सातवी येते.

आजोबांचे चुकले असे तरी कसे म्हणावे? ह्याच हरसूल परिसरातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. डोंगरातले पोर म्हणजे पळणारे पोर, असे समीकरण तेव्हापासून इकडे घट्ट झाले असल्यास नवल नाही. उलट थाळीफेक म्हटली की लोकांना आठवतो प्रवीणकुमार. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक जिंकणारा हा धिप्पाड गडी पुढे दूरदर्शनच्या 'महाभारता'त भीम झाला आणि घरोघर पोहोचला. भीमाने फेकायची वस्तू काडीपैलवानाने हाती घ्यावी, हे आजोबांना कसे पटावे?

परंतु इतिहास मात्र आजोबांच्या बाजूने साक्ष देत नाही.

थाळीफेक जन्मली ग्रीस देशात. होमरच्या महाकाव्यांतले वीर ती फेकतात. ऑलिंपियाच्या उत्सवात ती आली परंपरेने इसवी सनापूर्वी ७०८ साली; पण एकटी आली नाही. धाव, लांब उडी, भालाफेक, थाळीफेक आणि कुस्ती ह्या पाच खेळांची मिळून एक स्पर्धा असे, तिच्यातली ती एक. धावण्याची आणि कुस्तीची निराळी स्पर्धाही तेथे होती, थाळीची नव्हती. म्हणजे प्राचीन ऑलिंपियात केवळ थाळी फेकून कोणाला विजेता होता येत नसे. जो धावेल, उडी घेईल, भाला टाकील आणि वेळ आली तर कुस्तीही खेळेल, त्याच्याच हाती थाळी शोभे. ॲरिस्टॉटलने तर ह्या पाच खेळांच्या गड्यांची शरीरे सर्वांत सुंदर ठरविली. कारण त्यांत बळ आणि वेग दोन्ही नांदत. थोडक्यात, थाळी ही मुळात पैलवानाची मिरास नव्हेच. ती पाच भावंडांतली एक.

पुढे ती एकटी कशी पडली, ही कथाही गमतीची आहे. १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा थाळीफेकीचा स्वतंत्र सामना ठेवण्यात आला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा रॉबर्ट गॅरेट नावाचा विद्यार्थी त्यासाठी निघाला. खरी थाळी त्याने कधी पाहिली नव्हती. जुन्या ग्रंथांतल्या वर्णनांवरून त्याने एक घडवून घेतली, ती इतकी जड झाली की फेकणेच अशक्य. त्याने तो नाद सोडला. अथेन्सला जाऊन पाहतो, तो खरी थाळी पुष्कळच हलकी! मग सहज म्हणून उतरला, आणि २९.१५ मीटर फेकून ग्रीकांना त्यांच्याच घरी हरवून बसला.

ग्रीकांना फेकण्याची पद्धत ठाऊक होती ती शिल्पावरून. मायरन नावाच्या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थाळीफेक्याचा ब्राँझचा पुतळा घडविला. मूळ पुतळा नाहीसा झाला. रोमन लोकांनी केलेल्या संगमरवरी प्रतिकृती तेवढ्या उरल्या. त्या वाकलेल्या पुतळ्यासारखे उभे राहून फेकावे, असा 'ग्रीक पद्धती'चा निराळा सामनाच १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये झाला. पुतळा मात्र एका क्षणाचा असतो, फेक अनेक क्षणांची. त्या एका क्षणाच्या आधी आणि नंतर काय घडते, हे संगमरवर सांगत नाही. ते ओळखले बोहेमियाच्या फ्रांटिशेक यांडा-सुक याने. तोच पुतळा पाहून त्याने सारे अंग फिरवून फेकण्याची रीत बसविली, असे सांगतात. आणि १९०० साली पॅरिसला तो दुसरा आला. आजची फेक त्या गिरकीच्याच वंशातली आहे.

ही गिरकी समजून घ्यायला आपल्या आयाबहिणींची फुगडी आठवावी. फुगडीत हात लांब आणि सैल, काम सगळे पावलांचे. हाताने ओढाओढ केली की फुगडी मोडते. थाळीचेही तसेच. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात उजव्या हाताचा खेळाडू फेकीच्या दिशेला पाठ करून उभा राहतो. डाव्या पावलाच्या चवड्यावर वळतो, उजवा पाय वर्तुळाच्या मध्याशी टेकवतो आणि लगेच डावा पुढे रोवतो. आधी कंबर वळते, मग खांदा, आणि हात सर्वांत शेवटी. चार बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली थाळी तर्जनीवरून घरंगळत सुटते आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो; थाळीही फिरते म्हणूनच वाऱ्यावर सपाट तरंगते. समोरून थोडा वारा असला तर ती उलट अधिक लांब जाते! नुसत्या दंडाच्या जोरावर भिरकावली, तर आमच्या पोराची झाली तशी गत होते.

म्हणून दहा खेळांच्या गड्याला शिकवणारा मास्तर त्याचे दंड भरून येण्याची वाट पाहत बसत नाही. तेवढा वेळही नसतो, आणि फार जड झालेले अंग उंच उडीला व बांबूउडीला ओझेच होते. तो आधी जागेवरून फेकायला शिकवतो, मग चालत एका गिरकीने, आणि शेवटी पूर्ण वळसा. पावले बसेपर्यंत हाती खरी थाळी नसली तरी चालते.

ही रीत आपल्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी ह्याच नाशिक जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर मल्लखांबाचे आद्य गुरू झाले. कुस्तीला लागणारी चपळाई त्यांनी एका लाकडी खांबावर शिकविली. समोर मल्ल नसताना मल्ल घडविण्याची ही युक्ती. अवघड विद्येचे तुकडे करून एकेक अंगात मुरवणे, हे आपल्या वस्तादांना पूर्वीपासून ठाऊक होते.

आता हिशेब पाहू. डेकॅथलॉनच्या गुणतक्त्यात ४० मीटर फेकीला ६६५ गुण, ४५ मीटरला ७६७. पाच मीटरांनी १०२ गुण वाढले. शेवटच्या पंधराशे मीटर धावेत चार मिनिटे पंचेचाळीस सेकंदांवरून साडेचार मिनिटांवर यावे, तेव्हा कोठे ९६ गुण वाढतात. आणि ते पंधरा सेकंद कमी करताना छातीचा भाता होतो! संधी मात्र तीनच. तिन्ही वेळा पाय वर्तुळाबाहेर गेला तर गुण शून्य, आणि दोन दिवसांचे कष्ट पाण्यात. म्हणून पहिली फेक जपून, भरवशाची, धाडस नंतर.

भारताने ह्या दहा खेळांच्या कसोटीत आशियाई सुवर्ण दोनदा पाहिले: १९६२ साली जकार्त्यास गुरबचनसिंग रंधावा आणि १९७४ साली तेहरानला विजयसिंग चौहान. त्यानंतरच्या पदकासाठी २०२३ साल उजाडावे लागले. हांगझूला रौप्यपदक मिळविणारा तेजस्विन शंकर कोण? उंच उडीचा खेळाडू! शिडशिडीत, लांब हातापायांचा. पैलवान नव्हेच.

हे सारे मी आजोबांना त्या संध्याकाळी सांगितले नाही. सांगण्याची गरज पडली नाही. अंधार पडता पडता पोराने आणखी एकदा थाळी हाती घेतली. मास्तर एवढेच म्हणाले, "हात विसर. पाय आठव." पोरगा वळला. ह्या खेपेस थाळी सपाट निघाली, फिरत, जरा तरंगत. फार लांब गेली असे नाही. पण मास्तरांनी जाऊन खुणेची खुंटी उपटली आणि चार पावले पुढे ठोकली.

आजोबा बांधावरून उठले, धोतर झटकले, आणि जाता जाता म्हणाले, "उद्या किती वाजता असता हो तुम्ही इथं?"