सावकाशीचे मोल

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. लेखणी मध्ये थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्यावाचून लिहू नये, ही व्यासांची. गणपती कूटश्लोकापाशी थबकला, की तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून ठेवीत.

परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपण उघडली, तर आदिपर्वाच्या मूळ संहितेत ही कथा आढळत नाही. ती परिशिष्टात आहे. सर्वांच्या आवडीची कथा मुळातली नव्हे, असे म्हणण्यास धैर्य लागते. ते धैर्य सावकाशीतून आले, असे आम्हांस वाटते.

या कार्याचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते झाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला त्यांनी गणिताचे अध्ययन केले होते, आणि गणितातली काटेकोर शिस्त त्यांनी पोथ्यांना लावली.

कामाची रीत पाहण्यासारखी आहे. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोक सुट्या अक्षरांनी वर लिहावयाचा आणि एकेका पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचा. पोथ्या शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. एकट्या आदिपर्वाच्या संहितेसाठी साठ पोथ्या घेतल्या गेल्या. पुण्याप्रमाणे शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही हे ताडून पाहणे चाले. काश्मीरच्या आणि केरळच्या पोथीची गाठ पडण्याचा संभव थोडा. तेव्हा त्या दोघी एकमुखाने बोलल्या, तर तो पाठ जुना मानावयाचा. गणपतीच्या कथेविषयी पोथ्यांची अशी एकवाक्यता नव्हती. अनेक पोथ्यांत ती मुळीच नाही.

या पंडितांच्या दोन सवयी आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. जेथे पाठाविषयी खात्री नव्हती, तेथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. आणि जे श्लोक मूळ संहितेतून वगळले, ते फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. निर्णय दिला, पण वाचकाला तो पारखून पाहण्याची वाट मोकळी ठेवली.

आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला. सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये निवर्तले. मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्याची सांगता झाली. सत्तेचाळीस वर्षे! ज्यांनी बीज पेरले, त्यांपैकी पुष्कळांना फळ दिसले नाही.

कोणी म्हणेल, इतका वेळ कोणाजवळ आहे? पण सावकाशी म्हणजे आळस नव्हे. आळशी माणूस काम टाळतो. सावकाश माणूस कामातले एकही अक्षर टाळीत नाही. आपल्याला महाभारत संपादावयाचे नाही, हे खरे. परंतु भावाभावांच्या वाटणीत, सासूसुनेच्या तक्रारीत, शेजाऱ्याविषयी कानावर आलेल्या बातमीत आपण रोज निवाडे देतच असतो, आणि बहुधा एकाच पोथीवरून देतो. पहिल्याने सांगितले, आपण मान डोलावली, आणि एखाद्याचे नाव कायमचे काळ्या यादीत गेले. दुसरी पोथी उघडण्यास अर्धा तास पुरे असतो. तो अर्धा तास न दिल्यामुळे किती घरांतले बोलणे वर्षानुवर्षे बंद पडते!

तेव्हा एवढे तरी करावे. परस्परांशी न बोललेल्या दोघांची साक्ष घ्यावी. जे नाकारावयाचे, तेही ऐकून जपून ठेवावे. आणि जेथे खात्री नाही, तेथे आपल्या शब्दाखाली एक नागमोडी रेघ ओढावी.